ओव्हरसाइट : नियंत्रण की देखरेख?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) दिवाळखोरीवर मराठीत लिहिताना ‘ट्रेझरी ओव्हरसाइट कमिटी’ला ‘कोषागार नियंत्रण समिती’ म्हणावे का, असा प्रश्न आहे.

म्हणू नये. नियंत्रण म्हणजे लगाम हातात असणे. ही समिती खजिनदाराचे गुंतवणूक धोरण पाहते, दरवर्षी तपासणी करवून घेते; पण पैसा कुठे गुंतवायचा हे सांगण्याचा अधिकार तिला नाही, असे कायदाच म्हणतो. म्हणून ‘देखरेख समिती’. ‘लेखापरीक्षण’ही नको, ते व्यवहार होऊन गेल्यावरचे काम.

देखरेख राहून जाणे तिथे फार महागात पडले. निवडून आलेले खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांनी कर्ज काढून, व्याजदर चढणार नाहीत या भरवशावर सार्वजनिक पैसा गुंतवला. १९९४ मध्ये दर चढले, सुमारे १६४ कोटी डॉलर बुडाले आणि ६ डिसेंबरला काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारभार पाहणाऱ्या पाच जणांच्या मंडळाचे नाव ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’. लॅटिनमधल्या ‘वरून पाहणे’ यातूनच सुपरवायझर आला. इंग्रजी ‘ओव्हरसी’ची घडणही तीच. आपल्या बांधकाम खात्यातला ओव्हरसियर त्याच घरातला. नावातच पाहणे असलेल्या माणसांकडून पाहणे राहून गेले, हे मला आजही अस्वस्थ करते.

‘पर्यवेक्षण’ अर्थाने बरोबर आहे, पण मराठी वाचकाला पर्यवेक्षक म्हटले की परीक्षेचा वर्ग आठवतो. ‘देखरेख’ रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि त्यात सातत्य आहे: शेतावर, बांधकामावर, आजाऱ्यावर देखरेख ठेवतात, एकदा बघून परत येत नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. इंग्रजीत ओव्हरसाइटचा दुसरा अर्थ ‘नजरचूक’. वाक्यात ‘ड्यू टु अॅन ओव्हरसाइट’ असेल तर तिथे नजरचूकच लिहावे. एकाच शब्दाच्या पोटात नजर ठेवणे आणि नजर चुकणे दोन्ही आहेत. मराठीने त्यांना वेगळे शब्द दिले हे आपले भाग्य.

याच दिवाळखोरीवर लिहिताना येणाऱ्या ‘मेझर आर’लाही ‘उपाय आर’ करू नका. तूट भरण्यासाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवावा का, हे २७ जून १९९५ रोजी मतदारांना विचारले गेले आणि त्यांनी नकार दिला. मतदानाला सार्वमत म्हणा, ज्यावर मत दिले त्याला ‘प्रस्ताव आर’.