एकाच गावात तीन मंडळ्या असतील तर ऐक्यासाठी आधी कोणी वाकायचं?

तुमचा प्रश्न असा, की गावात तीन मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांची तीन चर्चं आहेत, तिन्हीकडे लीनतेवर प्रवचनं होतात, पण बाजारात समोरासमोर आले तर लोक 'जयख्रिस्त'सुद्धा धड म्हणत नाहीत. मग हे आचरणात आणायचं कसं? मी जळगावकडचा, सासुरवाडी नवापूरकडची, त्यामुळे खानदेशातली दोन्ही टोकं बघतो.

आधी एक लक्षात घ्या. आपल्यातल्या बहुतेकांच्या आजोबांनी पंथ अभ्यास करून निवडला नव्हता. मिशनऱ्यांनी मुलूख वाटून घेतले होते. भुसावळ-चाळीसगावकडे एक अलायन्स मिशन, नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स. ज्याचं गाव ज्या वाटणीत, त्याची ती मंडळी. पुढे रेल्वे, नोकऱ्या, नवे पाळक (पास्टर) आले आणि एकेका गल्लीत दोन-तीन पाट्या लागल्या. एवढं आठवलं तरी 'आमचंच खरं' म्हणताना जीभ जरा अडखळते.

आता वाकायचं कोणी? माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्या हातात माईक आहे त्याने. आपल्याकडे उलटं चालतं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीला कोणी अर्पणाचा हिशेब विचारला की त्यालाच 'भाऊ, नम्र व्हा' ऐकवतात. ही नम्रता नव्हे, तोंड बंद करणं झालं. पाय धुतले ते गुरूने, येशूने, शिष्यांनी नाही.

संयुक्त नाताळाचा तर मला धसकाच आहे. बॅनरवर कोणत्या पाळकाचा फोटो मोठा, यावर रात्री अकरापर्यंत खल चालतो. फ्लेक्सवाला बिचारा कंटाळून म्हणतो, साहेब, फोटोच काढून टाका ना. (त्याचं ऐकायला हवं होतं.) याउलट मयत झाली की बघा. मे महिन्याच्या उन्हात, मुरमाड जमिनीत कबर खणायला कुदळ-फावडं घेऊन तिन्ही मंडळ्यांची पोरं येतात, मयताच्या घरी पिठलं-भाकरी कोणाकडून आली हेही कोणी विचारत नाही. ऐक्य आहेच आपल्यात, फक्त स्टेजवर चढलं की मोडतं.

बाप्तिस्मा पाणी शिंपडून की पाण्यात बुडवून, यावर एकमत होणार नाही. त्यात शक्ती घालवू नका. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चं एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं, त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. गावाला तेवढा धीर कुठला! पण दुसऱ्याची मेंढरं, म्हणजे दुसऱ्या मंडळीची माणसं, ओढायची नाहीत, आणि कोणी रुसून आपल्याकडे आलं तर आधी त्याच्या पाळकाला फोन करायचा, एवढं तरी ठरवता येतं. बायबलमधल्या प्रेषित पौलानेही फिलिप्पै शहरातल्या मंडळीच्या भांडणात मोघम उपदेश केला नाही. युवदीया आणि सुंतुखे अशी नावं घेऊन दोघींना विनवलं, आणि त्यांना मदत करायला तिसऱ्याला सांगितलं. तुमच्या गावात असा तिसरा माणूस शोधा. बहुधा ती एखादी म्हातारी असेल. ती मावचीत, नवापूरकडच्या आदिवासी बोलीत, प्रार्थना करत असेल तर मावचीतच करू द्या, मध्येच 'मराठीत बोला आजी' नको.

सुरुवात मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक प्रार्थना दिनाला करा. तो मुळात बायकांनी चालवलेला, सगळ्या पंथांचा दिवस आहे. पुरुषांनी सतरंज्या घालाव्यात, चहाचं बघावं आणि माईकला हात लावू नये.