मीडिया क्वेरी लिहूनही साइडबारमध्ये कार्ड का मोडतं?

कारण मीडिया क्वेरी, म्हणजे सीएसएसमधली (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतली) रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारी अट, ब्राउझरच्या खिडकीची रुंदी बघते. कार्ड, म्हणजे पानावरची माहितीची चौकट, किती जागेत कोंबलंय याचा तिला पत्ताच नसतो. सीताबर्डीच्या एका दुकानासाठी साइट करताना माझं संत्रा बर्फीचं कार्ड असंच फसलं होतं: स्क्रीन १२०० पिक्सेलची, साइडबार ३०० चा, अन् कार्ड मात्र दोन कॉलम मांडून बसलेलं.

इथे कंटेनर क्वेरी वापरा, ती खिडकीऐवजी कार्डाबाहेरच्या डब्याची रुंदी बघते. कार्डाबाहेरच्या डिव्हला (म्हणजे त्या डब्याला) ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ’ द्या, कार्डाचे नियम ‘ॲट-कंटेनर’मध्ये टाका. बाहेरचा डिव्ह लागतोच, कार्ड स्वतःची रुंदी स्वतःला विचारू शकत नाही. २०२३ पासून क्रोम, सफारी, फायरफॉक्स तिन्हींत चालतं. पानाच्या मुख्य मांडणीला मीडिया क्वेरीच बरी. ब्रेकपॉइंट, म्हणजे ज्या रुंदीला मांडणी बदलते ते आकडे, सीएसएस व्हेरिएबलमध्ये ठेवू नका, क्वेरीच्या अटीत ही व्हेरिएबल चालत नाहीत, सॅसमध्ये (जिच्यातून सीएसएस तयार होतं त्या भाषेत) ठेवा.