करिअर मार्गदर्शन : मुलीने बास्केटबॉलसाठी विद्यापीठ बदलावे का?

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीहून आपण पाठवलेले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी ईशान्य अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेथील डिव्हिजन वन (महाविद्यालयीन खेळांचा सर्वोच्च स्तर) संघात ती गार्ड (चेंडू हाताळणारी बाहेरच्या बाजूची खेळाडू) म्हणून सुरुवातीच्या पाच जणींत खेळते आणि सामन्यामागे सरासरी 14 गुण मिळवते. आता संघातील दोन मैत्रिणी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नाव टाकणार असल्याने तिलाही एखाद्या मोठ्या कॉन्फरन्समधील (विद्यापीठांच्या साखळी गटातील) संघाची ओढ लागली आहे. अशा मुलींचे नव्या संघात पुढे काय होते, असे आपण विचारले आहे. आणि ज्यांनी पहिली संधी दिली त्यांना सोडून जाणे योग्य दिसेल का, ही मनातली रुखरुखही लिहिली आहे.

रुखरुख आधी दूर करते. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या बास्केटबॉल खेळाडूला सहसा एक संपूर्ण हंगाम बाहेर बसावे लागे. 2018 साली पोर्टल सुरू झाले, 2021 मध्ये एकदा संघ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि 2024 मध्ये, अभ्यासातील पात्रता टिकवण्याच्या अटीवर, एकदाच बदलण्याची मर्यादाही उठली. प्रशिक्षक चांगली संधी आली की संघ बदलतात आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. तीच मोकळीक मुलींना उशिरा मिळाली, इतकेच. तेव्हा तिने जाण्याचा विचार केला यात कृतघ्नपणा मुळीच नाही.

आता मुख्य प्रश्न. नव्या ठिकाणी मुलगी कशी खेळेल, हे त्या विद्यापीठाच्या नावापेक्षा तिथे तिला कोणते काम मिळते यावर ठरते, असे माझे ठाम मत आहे. हेली व्हॅन लिथ या एकाच महाविद्यालयीन खेळाडूने दोनदा संघ बदलला आणि दोन्ही वेळा फळ वेगळे मिळाले, म्हणून तिचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. लुईव्हिल विद्यापीठात 2022-23 च्या हंगामात तिची सरासरी 19.7 गुणांची होती. त्यानंतर ती नुकत्याच राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेली. तिथे गुण करणाऱ्या खेळाडू आधीच होत्या, म्हणून तिच्याकडे पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन इतरांना खेळवण्याची जबाबदारी आली, आणि तिची सरासरी 11.6 वर उतरली. मुलगी तीच होती आणि मेहनतही तीच होती, पण तिची मूळ ताकद त्या रचनेत बसत नव्हती. पुढच्या वर्षी ती टीसीयूमध्ये (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात) गेली. जानेवारी 2024 मध्ये याच संघाला दुखापतींमुळे खेळाडू अपुरे पडल्याने दोन सामने सोडून द्यावे लागले होते आणि विद्यापीठातील इतर मुलींमधून खेळाडू शोधण्यासाठी खुली चाचणी घ्यावी लागली होती, यावरून त्याची तेव्हाची अवस्था लक्षात यावी. मात्र प्रशिक्षक मार्क कॅम्पबेल यांनी चेंडू तिच्या हाती दिला, सोबत सेडोना प्रिन्ससारखी उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारी खेळाडू) होती, आणि त्या दोघींच्या पिक-अँड-रोलभोवती (एकीने प्रतिस्पर्ध्याला अडवून मग बास्केटकडे धावण्याच्या डावाभोवती) आक्रमण उभे राहिले. व्हॅन लिथची सरासरी 17.9 झाली, ती बिग 12 या कॉन्फरन्सची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली आणि टीसीयूचा संघ इतिहासात प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत पोहोचला.

गुण कमी झाले म्हणजे निर्णय चुकला, असेही मात्र समजू नये. कमिला कार्डोसो ही खेळाडू सिरॅक्यूज विद्यापीठात पहिल्याच वर्षी चमकली होती. साउथ कॅरोलायनात गेल्यावर तिथल्या प्रमुख खेळाडू अलिया बॉस्टनच्या मागे दोन वर्षे तिला बहुतेक वेळ बेंचवरून उठून खेळावे लागले. तिसऱ्या वर्षी, 2024 मध्ये, संघ 38 सामने जिंकून अपराजित राहिला आणि फायनल फोरची, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांच्या फेरीची, सर्वोत्कृष्ट खेळाडू तीच ठरली. प्रिन्स्टनची केटलिन चेन पदवीनंतर यूकॉनमध्ये (कनेक्टिकट विद्यापीठात) गेली, कारण प्रिन्स्टन ज्यात खेळते त्या आयव्ही लीगमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खेळता येत नाही. तिची गुणांची सरासरी निम्म्याहून खाली आली, पण ती सुरुवातीच्या पाच जणींत राहिली आणि 2025 चे राष्ट्रीय विजेतेपद तिला मिळाले. लॉरेन बेट्सचे कारण निराळे होते. स्टॅनफर्डमध्ये तिला सामन्यात दहा मिनिटेही खेळायला मिळत नव्हते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तिच्याभोवती संघ बांधला गेला आणि 2025 मध्ये तो फायनल फोरपर्यंत गेला.

ही सगळी नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांचे चांगले झाले. दर वसंतात हजाराहून अधिक मुली पोर्टलमध्ये नाव टाकतात आणि त्या सगळ्यांना पूर्वीइतकी चांगली जागा मिळत नाही. काहींना तर कोणाचा फोनच येत नाही, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. आपल्या मुलीची स्थिती बेट्ससारखी नाही. तिला मिनिटे मिळत आहेत, प्रशिक्षकांचा विश्वासही आहे. म्हणून तिला सोडायचे नेमके काय आहे, हे आधी तिच्याकडून समजून घ्या. अधिक कसदार प्रतिस्पर्ध्यांशी खेळायचे असेल आणि त्यासाठी एक वर्ष बेंचवर बसण्याची तयारी असेल, तर तो विचार पक्का आहे. केवळ मैत्रिणी जात आहेत म्हणून जायचे असेल, तर थांबावे असे मी म्हणेन.

अभ्यासाकडे या गडबडीत सर्वांत कमी लक्ष जाते आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. डिव्हिजन वनच्या नियमानुसार तिसरे वर्ष सुरू होताना पदवीचा 40 टक्के, चौथे सुरू होताना 60 टक्के अभ्यासक्रम पूर्ण असावा लागतो, आणि ही टक्केवारी नव्या विद्यापीठातील पदवीच्या हिशेबाने धरली जाते. क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक) स्वीकारली जाणे आणि ती पदवीत मोजली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीवशास्त्रासारख्या विषयात, जिथे प्रयोगशाळेचे अभ्यासक्रम ठरावीक क्रमाने घ्यावे लागतात, तिथे हा फरक कोर्टवरील पात्रतेपर्यंत येऊन भिडू शकतो.

आणखी एक गोष्ट तिला आजच सांगा. नाव टाकायचे असे विद्यापीठाला लेखी कळवल्यानंतर सध्याच्या शिष्यवृत्तीची हमी संपते. चालू सत्र संपल्यावर ती बंद करण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो. नाव पोर्टलमध्ये येईपर्यंत दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक तिच्याशी बोलू शकत नाहीत. म्हणजे पुढचे पाऊल दिसण्याआधीच मागचे उचलावे लागते. यासाठी प्रथम सध्याच्या प्रशिक्षकांसोबत बसून पुढच्या हंगामात तिची भूमिका काय राहील हे तिने मोकळेपणाने विचारावे, आणि अकॅडेमिक अॅडव्हायझरकडून पूर्ण झालेल्या क्रेडिट्सचा तपशील घेऊन ठेवावा.

इतके करूनही तिने नाव टाकले आणि बोलावणी आली, तर प्रत्येक प्रशिक्षकाला तिने स्वतः विचारावे की तिच्या जागेवर सध्या कोण खेळते, त्या खेळाडूचे किती हंगाम उरले आहेत आणि याच जागेसाठी आणखी किती जणींशी बोलणे चालू आहे. उत्तरे आली की तिच्या क्रेडिट्सच्या तपशिलासह मला पाठवा. आपण तिघे मिळून ती वाचू.

आपली,
करिअर मार्गदर्शक