७ फेब्रुवारीला माझी मुलगी रमाईवर बोलणार आहे. तिनं काय सांगावं?

जय भीम. तुमची लेक सहावीत आहे, बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाईच्या जयंतीला तिला पाच मिनिटं बोलायचं आहे आणि पुस्तकात शोधलं तर 'त्यागमूर्ती'पलीकडे फारसं हाती लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या वस्तीत दरवर्षी मी ही भाषणं ऐकतो. पोरं जीव ओतून बोलतात, पण त्यांच्या बोलण्यात रमाई नुसती सोसत राहते. तुमच्या लेकीनं रमाई काय करायची ते सांगावं, आणि तिला स्वतःला काय हवं होतं तेही सांगावं.

सुरुवात वणंदपासून करा. दापोलीजवळचं हे गाव, तिथे १८९८ साली तिचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. आई गेली, मग वडीलही गेले, आणि काका-मामांनी या भावंडांना मुंबईला भायखळ्यात आणलं.

तिथल्याच बाजारात १९०६ साली तिचं लग्न लागलं. रमा आठ-नऊ वर्षांची, भीमराव चौदा-पंधरांचे. दिवसभराचा बाजार उठल्यावर, रात्री. एका कोपऱ्यात नवऱ्याकडचं वऱ्हाड, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडचं. बसायला बाजारातले दगडी ओटे, पायाखालून गटाराचं पाणी. पहाटे कोळणी टोपल्या घेऊन यायच्या आत सगळं आवरून जागा मोकळी करून द्यायची होती. इथे लेकीला घाई करू देऊ नका. तो बाजार ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे.

पुढे १९१३. फेब्रुवारीत सासरे रामजीबाबा गेले. मुलगा यशवंत तान्हा होता. आणि जुलैत बाबासाहेब अमेरिकेला निघाले. मागे परळच्या चाळीत घर चालवायचं होतं, हाताशी पैसा नव्हता. रमाईनं शेण गोळा केलं, गोवऱ्या थापल्या, विकल्या, हे तुम्ही ऐकलंच असेल. पण मला त्याहून मोठा वाटतो तो नंतरचा काळ. १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार महिना ४५० रुपये. आता तरी घरात चार वस्तू याव्यात असं कुठल्याही बाईला वाटलं असतं. पण लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं होतं, त्यासाठी पैसा साठवायचा होता. घरखर्चाला ठरलेली रक्कम मिळायची आणि रमाई तिच्या तीस पुड्या बांधून ठेवायची, रोजची एक, असं सांगतात. लंडनला जाताना शाहू महाराजांची मदत होती, मित्राकडून उसने घेतलेले पैसे होते, हे खरंच. त्याच शिदोरीत रमाईनं काटकसरीनं वाचवलेला पैसाही होता, आणि तो कुणी मोजत नाही याचं मला फार वाईट वाटतं. १९२० ते १९२३ ती पुन्हा एकटी होती.

लेकरांचं दुःख वगळू नका, पण त्यावर ताणूही नका. पाच लेकरं झाली, एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू गेली, आणि १९२६ च्या जुलैत सगळ्यांचा लाडका राजरत्न गेला. सहावीतल्या मुलीनं ही नावं नुसती शांतपणे घ्यावीत. सभेत बसलेल्या आयांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आता पंढरपूर, जे बहुतेक भाषणांत दोन वाक्यांत उरकलं जातं. रमाई विठ्ठलाची भक्त होती. एकदा तरी पंढरपूरला जायचं, ही तिची मनापासूनची इच्छा होती. बाबासाहेबांनी नेलं नाही. तिथे आपल्या लोकांना लांब उभं राहून हात जोडावे लागत, देवाजवळ जाऊ देत नसत. आपल्या बायकोनं तसं बाहेर उभं राहावं हे त्यांना सहन होणारं नव्हतं. जे पंढरपूर भक्ताला लांब ठेवतं त्याचं काय करायचं, तुझ्यासाठी आपण दुसरं पंढरपूर उभं करू, अशा अर्थाचं ते तिला म्हणाले होते. तिची इच्छा राहून गेली. २७ मे १९३५ रोजी दादरच्या 'राजगृह' या त्यांच्या घरी तिनं डोळे मिटले, आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, ती वाट आधीपासून चालू होती. पण या दोन तारखा शेजारी ठेवल्या की माझा घसा दाटून येतो. तुमच्या लेकीनं दोन्ही सांगाव्यात.

धारवाडच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून तिनं हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही गोष्टही वस्तीवस्तीत सांगतात. घ्यायची असेल तर 'असं सांगतात' म्हणून घ्या.

शेवटाला अर्पणपत्रिका घ्या. १९४० साली, रमाई जाऊन पाच वर्षं झाल्यावर, बाबासाहेबांचं पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक आलं. ते त्यांनी तिच्या स्मृतीला अर्पण केलं आणि नाव छापलं ते घरातलं, 'रामू'. तिच्या हृदयाचा चांगुलपणा, मनाचा मोठेपणा, चारित्र्याची निर्मळता, आणि कुणी मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या, काळजीच्या दिवसांत तिनं न डगमगता सोबत सोसलं त्याबद्दलची कृतज्ञता, असा त्याचा आशय आहे. मूळ इंग्रजी मजकूर लेकीला एकदा वाचून दाखवा आणि मराठीत तिला तिच्या शब्दांत सांगू द्या, पाठ करायला लावू नका.

पाच मिनिटांत एवढं बसणार नाही. काही गाळायचंच असेल तर साल-तारखा गाळा. बाजार, पुड्या आणि पंढरपूर मात्र ठेवा.