अंतर तेच, मग वेळ वेगळी का?

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्को आणि टोकियोजवळचे नारिता या विमानतळांमधील अंतर सुमारे ८,२२० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर प्रवासाला नऊ तासांहून किंचित अधिक वेळ लागायला हवा. वेळापत्रकात मात्र टोकियोला जाताना सुमारे अकरा आणि परतताना सुमारे साडेनऊ तास दिसतात. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पश्चिमेला निघालेल्या विमानाला टोकियो सामोरे यायला हवे. मग हे उलटे कसे?

उत्तर : आपली शंका जुनी आणि रास्त आहे. परंतु पृथ्वीबरोबर वातावरणही फिरते आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानालाही तो वेग आधीपासूनच मिळालेला असतो. त्यामुळे विमान हवेत झेपावले की टोकियो त्याच्याकडे सरकू लागते, असे घडत नाही. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. लांब पल्ल्याची विमाने ज्या दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात, साधारण त्याच थरात मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, आणि हिवाळ्यात जपानच्या आसपास त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या सहज पुढे जातो. (हे वारे पूर्वेकडे वळतात ते मात्र पृथ्वीच्या फिरण्यामुळेच; म्हणजे तिचा यात हात आहे, पण आपण समजता तसा नाही.) आपण धरलेला ९०० किलोमीटरचा वेग हवेच्या सापेक्ष आहे, जमिनीच्या नव्हे. संपूर्ण मार्गावर सरासरी ७० किलोमीटरचा वारा धरला, तरी जमिनीच्या सापेक्ष वेग जाताना ८३० आणि येताना ९७० होतो, आणि तेवढ्यानेच जवळपास दीड तासाची तफावत पडते. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरणे यांत जातो, कारण वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते.

आपण दिलेले अंतरही नीट समजून घ्यावे लागते. सपाट नकाशावर ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच आडव्या रेषेत दिसतात, पण त्या रेषेने गेल्यास सुमारे ८,६७० किलोमीटर पडतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास तो उत्तरेकडे ४८ अंश अक्षांशापर्यंत चढून अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेकडून जातो; ८,२२० किलोमीटर हे त्या मार्गाचे अंतर होय. प्रत्यक्षात विमान तोही मार्ग तंतोतंत धरत नाही, कारण परतताना वारा पाठीशी घेण्यासाठी आणि जाताना तो टाळण्यासाठी रोजच्या हवामानानुसार वाट बदलली जाते आणि थोडे लांबून जाणेच लवकर पोहोचवते.

घड्याळांच्या वेळांची थेट वजाबाकी मात्र करू नये. हिवाळ्यात मंगळवारी सायंकाळी पाच वाजता नारिताहून निघालेले विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास उतरते, कारण तेथील घड्याळ १७ तास मागे असते.