पाण्यात कान लावून बसणारी जहाजं

प्रश्न : नमस्कार, ऑगस्ट 2023 मध्ये सिडनीजवळ 'मलबार' हा अनेक देशांच्या नौदलांचा सराव झाला त्यात आपली सह्याद्री आणि कोलकाता होती, सोबत जपानचं 'शिरानुई' होतं. बातमीत त्याला पाणबुडीविरोधी डिस्ट्रॉयर म्हटलं होतं. म्हणजे नेमकं काय वेगळं असतं त्यात, आणि जपानला असल्या जहाजांची एवढी गरज का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : छान प्रश्न आहे, आणि तुम्ही नाव घेतलेली आपली दोन्ही जहाजं मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, हे सांगताना मला खरंच अभिमान वाटतो. डिस्ट्रॉयर म्हणजे मोठी, वेगवान युद्धनौका, आणि शिरानुई हे जपानच्या आसाही क्लासचं, म्हणजे एकाच नमुन्याच्या जहाजांपैकी. या क्लासमध्ये दोनच जहाजं आहेत, 'आसाही' मार्च 2018 मध्ये नौदलात आलं आणि 'शिरानुई' फेब्रुवारी 2019 मध्ये, दोन्ही मित्सुबिशीच्या नागासाकी यार्डातली. लांबी 151 मीटर, वजन साधारण 5,100 टन, माणसं 230 च्या आसपास.

आता वेगळं काय ते. तुम्ही कोकणातले, म्हणजे विहिरीत पोहला असालच. वरचं पाणी कोमट असतं आणि जरा खाली पाय गेला की एकदम गार लागतं ना, समुद्रातही तसाच थर असतो, फक्त तो कितीतरी खोल असतो, आणि गंमत म्हणजे आवाज त्या थरापाशी वाकतो, सरळ जातच नाही. पाणबुडीचा कॅप्टन नेमका त्या थराखाली जाऊन बसतो, मग वर जहाजाच्या नाकात कितीही भारी सोनार (पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र) असला तरी त्याला खालचं नीट ऐकू येत नाही. म्हणून आसाहीला नाकातल्या सोनारशिवाय एक लांबच लांब केबलही दिलीय, माइक लावलेली, ती जहाजाच्या मागे शेपटीसारखी पाण्यात सोडतात आणि ती थराखाली उतरून ऐकते. स्वतःच्या इंजिनाच्या आवाजापासूनही ती लांब राहते, हा दुसरा फायदा.

वर हेलिकॉप्टर असतं ते वेगळंच. ते पाण्यावर एका जागी थांबून दोरीला बांधलेला सोनार खाली सोडतं, अगदी पोहरा सोडतात तसं, ऐकून झालं की वर ओढून पुढच्या जागी. आणि या जहाजांचा मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे ही आपसात मिळून ऐकतात. एकाने आवाज सोडायचा आणि पाणबुडीवर आपटून आलेला प्रतिध्वनी दुसऱ्याने पकडायचा, म्हणजे पाणबुडीला आवाज सोडणारा कळतो पण शांतपणे ऐकणारा कुठे आहे ते कळत नाही.

पाणबुडी सापडली की मग पुढचं काम व्हर्टिकल लाँचरचं, म्हणजे सरळ वर रॉकेट सोडणाऱ्या उभ्या कप्प्यांचं, त्याचे 32 कप्पे आहेत. त्यातलं टाइप 07 रॉकेट टॉर्पेडोला, म्हणजे पाण्याखालून जाऊन फुटणाऱ्या अस्त्राला, हवेतून उचलून नेतं आणि लांबवर पाण्यात सोडतं, तिथून टॉर्पेडो स्वतः शोध घेतो.

इंजिनही बघण्यासारखं आहे. हळू जाताना जनरेटरच्या विजेवर मोटरी चालतात, जोरात पळायचं तेव्हाच मोठी गॅस टर्बाइन जोडतात, त्यामुळे इंधन वाचतं आणि ऐकायच्या वेळी मोठी टर्बाइन बंद ठेवता येतात. जपानच्या डिस्ट्रॉयरमध्ये ही पद्धत आसाहीपासूनच आली.

आणि गरज का, तर इतिहास बघा. दुसऱ्या महायुद्धात जपानची जेवढी व्यापारी जहाजं बुडाली त्यातलं निम्म्याहून जास्त टनेज एकट्या अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवलं. तेल, तांदूळ, लोखंड सगळं समुद्रातून येणार आणि ताफ्यांना संरक्षण द्यायला वेगळं मुख्यालय उभं केलं तेव्हा नोव्हेंबर 1943 उजाडला होता, फार उशीर झाला होता हो. त्या बोटींवरच्या साध्या खलाशांचा विचार केला की आजही वाईट वाटतं. तेल आजही जवळजवळ सगळं बाहेरूनच येतं, त्यामुळे पाणबुडी शोधणं हे युद्धानंतर उभ्या राहिलेल्या त्यांच्या नौदलाचं पहिल्यापासूनचं मुख्य काम. ते या जहाजांना 'गोएईकान' म्हणतात, म्हणजे सोबत करून राखण करणारं जहाज, डिस्ट्रॉयर हा शब्द आपण आणि इंग्रजीवाले वापरतो.

प्रश्न : दोनच जहाजं आहेत तर ती ठेवतात कुठे? (त्याच वाचकांचा दुसरा प्रश्न)

उत्तर : आसाहीला दक्षिणेकडे सासेबो बंदर दिलं, तिथून त्सुशिमाची सामुद्रधुनी जवळ. शिरानुईला उत्तरेला ओमिनातो, तिथून त्सुगारूची. रशियाच्या व्लादिवोस्तोक बंदरातून निघालेल्या पाणबुडीला मोठ्या महासागरात जायचं तर असल्याच चिंचोळ्या वाटांपैकी एखादीतून जावं लागतं, म्हणून ही जागा. दोन जहाजांनंतर जपान लहान आणि कमी माणसांवर चालणाऱ्या मोगामी क्लासकडे वळला. पुढच्या सरावाचे फोटो आले की नाकाजवळचा नंबर बघा, 119 असेल तर आसाही, 120 असेल तर तुमचं शिरानुई.