फर्मन कोण होता भाऊ?

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे, घाटंजीहून आणखी आत जायला लागते असं गाव. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीले चेसचा महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आमचे पोट्टे नुसते चेसच खेळून राह्यले, मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट एका हातात अन् दुसऱ्या हातानं घोडा सरकवणं चालू. तालुक्याच्या स्पर्धेत दोन पोट्टे पहिल्या पाचात आले. पुढं काय करावं म्हणून शहरातल्या एका क्लासले फोन लावला, तर तिकडून पहिला प्रश्न, तुमचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा, किती? म्हटलं नाही बा रेटिंग. तर म्हणे मग तुम्ही शिकवून पोरं बिघडवू नका. लय लागलं मनाले. मागच्या अंकात तुम्ही वर्ल्ड चॅम्पियन कार्पोवच्या मास्तरचं, त्या फर्मनचं, एका ओळीत नाव घेतलं अन् पुढं निघून गेले. कोण होता तो? स्वतः किती मोठा खेळाडू होता? जरा सविस्तर सांगा.
— एक गुरुजी, तालुका घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, क्लासवाल्याचं नंतर बघू, पहिले फर्मन. पूर्ण नाव सेम्योन अब्रामोविच फर्मन, जन्म १ डिसेंबर १९२०, पिन्स्कचा, ते गाव आज बेलारूसमध्ये येते, पण आयुष्य गेलं ते लेनिनग्राडात म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गात. आणि हा माणूस फॅक्टरीतला कामगार होता बरं का. आपल्याकडं जिनिंगमधला एखादा फिटर दिवसभर सरकीच्या धुळीत काम करून संध्याकाळी हातपाय धुऊन पट मांडून बसतो, तसं समजा. फरक एवढाच की तिकडं फॅक्टरीचे आणि युनियनचे स्वतःचे चेस क्लब असायचे, त्यामुळं कामगाराला चांगल्या खेळाडूसमोर बसायला मिळायचं आणि त्याचे पैसे पडायचे नाहीत.

१९४८ साली मॉस्कोत सोव्हिएत चॅम्पियनशिप झाली. त्याच वर्षी बोटविनिक वर्ल्ड चॅम्पियन झाला होता, म्हणजे तो काळ कसा होता ते बघा, सोव्हिएत चॅम्पियनशिपचं टेबल म्हणजे जवळजवळ जगाचंच टेबल. तिथं ब्रॉनस्टीन आणि कोटोव दोघं मिळून पहिले आले आणि तिसरा कोण, तर हा फर्मन. वय जेमतेम २८. आता अशा माणसाला दोन-चार वर्षांत ग्रँडमास्टर, म्हणजे चेसमधलं सगळ्यात मोठं टायटल, देऊन टाकायला पाहिजे होतं की नाही? टायटल मिळालं १९६६ ला! अठरा वर्षांनी, पंचेचाळिशीत. तेव्हाची भानगड अशी होती की टायटलला परदेशातल्या स्पर्धांचे निकाल लागायचे, आणि परदेशात कोणाला पाठवायचं हे वरचे साहेब लोक ठरवायचे, आणि त्यांच्याकडं तगड्या खेळाडूंची रांगच लागलेली. तालुक्याला चार पोरं बरोबरीची असली आणि जिल्ह्याला एकच जागा असली की काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

खेळ कसा होता? त्याच्याबद्दल तिकडं म्हणायचे की पांढरे मोहरे दिले तर फर्मन वर्ल्ड चॅम्पियन आहे. म्हणजे काळ्यानं खेळताना तेवढा नव्हता हेही त्यातच आलं, बोलणाऱ्यांनी चिमटा काढूनच कौतुक केलंय. पांढऱ्यानं तो डी फोर खेळायचा, वजिरासमोरचं प्यादं दोन घरं, आणि त्याच्या पुढच्या फांद्या त्याला आपल्या वावरातल्या तासांसारख्या माहीत. ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं, एवढं भांडार की खुद्द बोटविनिकनं १९६० च्या आसपास बंद दाराआड तयारीचे गेम खेळायला ह्यालाच निवडलं होतं. कोर्चनोई नावाच्या दुसऱ्या तगड्या सोव्हिएत खेळाडूसोबतही त्यानं काम केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढं येते परत.

आता कार्पोव. अनातोली कार्पोव उरलमधल्या झ्लातौस्तचा, पोलादाच्या कारखान्याचं गाव. चौथ्या वर्षी बापानं चाली शिकवल्या, ११ व्या वर्षी कॅन्डिडेट मास्टर, म्हणजे मास्टरच्या एक पायरी खाली, १५ व्या वर्षी मास्टर. मधे बोटविनिकच्या शाळेत निवड झाली होती, आणि गंमत बघा, बोटविनिकला हा पोरगा काही खास वाटला नाही, ह्याचं काही होणार नाही असंच त्याचं मत पडलं. बोटविनिक! ज्याच्या शब्दाला तिकडं वेदवाक्य समजायचे. १९६८ च्या सुमारास आर्मीच्या क्लबकडून खेळताना हा सडपातळ पोरगा फर्मनच्या हाती आला. ओपनिंगच्या बाबतीत कच्चा, वाचायचा कंटाळा, पण पटावर मोहरे कुठं बसले की सुखी राहतात हे त्याला आतूनच कळायचं. फर्मनला ते दिसलं. १९६९ ला स्टॉकहोममध्ये कार्पोव वर्ल्ड ज्युनियर चॅम्पियन झाला, १९५५ च्या स्पास्कीनंतर पहिलाच सोव्हिएत पोरगा. आणि मग त्यानं मॉस्कोची युनिव्हर्सिटी सोडून लेनिनग्राडची धरली, कारण काय तर मास्तर तिथं राहतो. आपल्याकडं पोरं क्लाससाठी नागपूर-अमरावतीला खोली करून राहतात, तसंच की.

आता मला सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट सांगतो, इथं जरा थांबून वाचा. फर्मन जन्मभर डी फोरवाला. कार्पोव पांढऱ्यानं ई फोरवाला, म्हणजे राजासमोरचं प्यादं. दुसरा कोणी मास्तर असता तर पहिल्या महिन्यातच म्हणाला असता, सोड ते, मी सांगतो ते खेळ. फर्मननं पोराचं ई फोर हलवलं नाही. वर्षानुवर्षं तसंच चालू दिलं. आपलं डी फोर मात्र बाजूला शिकवत राहिला, आणि काळ्यानं खेळायला निम्झो-इंडियनसारखी ओपनिंग दिली, ज्यात काळ्याचा उंट बी फोरवर येऊन पांढऱ्याच्या घोड्याला जागेवरच जखडून टाकतो. आणि मग १९७४ ची कॅन्डिडेट्स सेमीफायनल, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या मॅचेस, समोर स्पास्की, माजी वर्ल्ड चॅम्पियन, ज्यानं ई फोरची तयारी करूनच ठेवली असणार, आणि तिसऱ्या गेमला कार्पोवनं उचललं वजिराचं प्यादं! जिंकला. अकराव्या गेमला परत डी फोर, परत जिंकला, मॅच संपली. चार विजय, एक हार, बाकी ड्रॉ. चारातले दोन मास्तरच्या शिदोरीतले, आणि ती शिदोरी पाच-सहा वर्षं बांधून ठेवलेली. एवढा दम आपल्याला असतो का हो? मला तर नाही, मी पोराला सोमवारी एन्डगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरल्यावरचा शेवटचा खेळ, शिकवला की रविवारी स्पर्धेत तोच यावा अशी अपेक्षा धरतो.

त्या मॅचच्या आधी पोलुगायेव्स्कीला ३–० नं पाडलं होतं, नंतर फायनलला कोर्चनोई, हो तोच, २४ गेम, ३–२. एकेकाळी आपल्यासोबत बसून तयारी करणारा माणूस समोरच्या पोराच्या खोलीत बसलाय, हे कोर्चनोईला कसं वाटलं असेल. कार्पोव आणि कोर्चनोईत जे वैर पडलं ते पुढं कित्येक वर्षं चाललं.

आणि फर्मनचं स्वतःचं खेळणं? सुटलं नव्हतं. १९७७ ला जर्मनीत बाद लाउटरबर्गला स्पर्धा झाली, पहिला कार्पोव, तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन, दुसरा हॉलंडचा टिमन आणि तिसरा फर्मन, वय ५६. मास्तर आणि चेला एकाच टेबलात, मधे एकच माणूस. पुढच्याच वर्षी, १७ मार्च १९७८ ला, फर्मन गेला, ५७ व्या वर्षी. चार महिन्यांनी फिलिपिन्सच्या बागिओत कार्पोव परत कोर्चनोईसमोर बसला, वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी, आधी सहा विजय मिळवेल तो जिंकला अशी मॅच, ५–२ नं पुढं होता आणि तिथून ५–५ झालं, बत्तिसाव्या गेमला कसाबसा सुटला. मास्तर जिवंत असता तर ते मधले तीन गेम गेले असते का, ह्यावर आमच्याकडं पारावर दोन तास भांडण होऊ शकते. माझं मत, एक तरी वाचला असता.

आता क्लासवाल्याचं. गुरुजी, फर्मनला टायटल उशिरा मिळालं म्हणून तुम्ही खूश होऊ नका, तो टायटलच्या आधीही देशात तिसरा होता, तुम्ही-आम्ही फर्मन नाही. पण कार्पोव फर्मनकडं आला तेव्हा १७ चा होता आणि आधीच मास्टर होता. त्याच्या आधीचं काम कोणी केलं? बापानं, आणि झ्लातौस्तमधल्या कारखान्याच्या क्लबवाल्यांनी, ज्यांचं नाव तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही ते क्लबवाले आहात. पोरांना गेम लिहायला लावा, आमचे एक कंपाउंडर काका होते पांढरकवड्याला, ते औषध कंपनीच्या फुकट डायरीत गेम लिहायचे, जिंकलेला निळ्यानं, हरलेला लाल पेनानं, आणि दुसऱ्या दिवशी फक्त लाल पान उघडायचे, इंजेक्शनची सुई उकळत ठेवून. मी त्यांच्याकडं तीन वर्षं गेलो, निळं पान त्यांनी मला कधी वाचू दिलं नाही. मोबाईलवर लिचेस (Lichess) नावाचं चेसचं ॲप फुकट आहे, जाहिराती नाही, तेवढं शाळेच्या टॅबमध्ये टाकून घ्या. आणि तुमच्या दोघांपैकी कोणी तुम्हाला सलग हरवायला लागला की मग शहरातला क्लास शोधा. दुसरा शोधा पण.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. सरांनी सिसिलियन नावाच्या ओपनिंगच्या २० चाली पाठ करायला दिल्यात. रात्री पाढ्यासारखं म्हणते आणि रडते. करू द्यायचं का?
— एक आई, अकोट

उत्तर : नका करू देऊ ताई. समोरचं पोरगं चौथ्याच चालीला भलतंच काहीतरी खेळते आणि मग उरलेल्या १६ चालींचं लोणचं घालायचं का? कार्पोवसारखा माणूस १७ पर्यंत ओपनिंगमध्ये कच्चा होता हे वर वाचलंच असेल. जुना वर्ल्ड चॅम्पियन कापाब्लांका तर सांगायचा की सुरुवात शेवटापासून करा, आधी एन्डगेम. एक राजा, एक प्यादं विरुद्ध एकटा राजा, एवढंच पटावर मांडा आणि तिला म्हणा हे प्यादं वजीर करून दाखव. तुम्ही स्वतः दुसरा राजा घेऊन बसा, येत नसलं तरी चालते, राजा एक-एक घर सरकवता आला म्हणजे झालं. सरांशी भांडू नका, फक्त सांगा की पाठांतर बंद केलंय.

प्रश्न : अमेरिकेचा वर्ल्ड चॅम्पियन फिशर खेळलाच नाही म्हणून कार्पोव चॅम्पियन झाला, हे खरं का? मित्रासोबत तर्री-पोह्याची पैज लागली आहे.
— दोघं मित्र, नागभीड

उत्तर : खरं आहे. फिशरनं अटी घातल्या होत्या, १० विजय होईपर्यंत मॅच, ड्रॉ मोजायचे नाहीत, आणि ९–९ झालं तर जुना चॅम्पियनच कायम. फिडेनं, म्हणजे चेसच्या जागतिक संघटनेनं, १० विजयांचं मान्य केलं, ९–९ चं नाही केलं, फिशर आला नाही, एप्रिल १९७५ मध्ये कार्पोवला न खेळता मुकुट मिळाला. पण नंतर हा गडी घरी बसला नाही, त्याच वर्षी मिलानची स्पर्धा जिंकली, १९७६ ला सोव्हिएत चॅम्पियनशिप जिंकली, बाद लाउटरबर्गचं वर आलंच. त्यामुळं पैज लावताना नेमकं काय बोलले होते ते आठवा. "न खेळता झाला" म्हणणारा जिंकला, "लायकी नव्हती" म्हणणारा हरला, आणि दोन्ही एकाच दमात म्हटलं असेल तर पोहे अर्धे-अर्धे, तर्री दोघांनाही.